हार घातलेला फोटो आणि इतर चुका: प्रॉम्प्टवरून कथा लिहिताना

समजा, प्रॉम्प्ट, म्हणजे कथा सुचावी म्हणून दिलेलं वाक्य किंवा शब्द, असा आहे: ‘दाराबाहेर ओल्या चपला होत्या, घरात मात्र कुणीच नव्हतं.’ तुमच्या डोक्यात आत्ता काय आलं ते सांगू? चपला गेलेल्या माणसाच्या. बाहेर पावसाचा थेंब नाही, तरी चपला ओल्या, आणि शेवटच्या ओळीत भिंतीवर हार घातलेला फोटो. माझ्याही डोक्यात आधी तेच आलं. अलक (अति लघुकथा) आणि शशक (शतशब्दकथा) लिहिणाऱ्या बऱ्याच मंडळींना तेच सुचतं, म्हणून तर वाचकाला तो फोटो दुसऱ्याच ओळीत दिसायला लागतो.

पहिली कल्पना लगेच कथेत घेणं ही सगळ्यात मोठी चूक. ती बाजूच्या कागदावर उतरवा. दुसरी, तिसरीही उतरवा: चोर शिरला, परागंदा नवरा परतला. चौथीला पेन अडखळतं. तिथं प्रॉम्प्टमधल्या वस्तूला एक साधा, व्यवहारी प्रश्न विचारायचा. दाराबाहेरच्या चपलांवरून काय कळतं? माणूस आत आहे, एवढंच. आणि तेच कुणाला कळू द्यायचं नसेल तर? वसुलीवाला येणार म्हणून चाळीतले शेजारचे काका मोरीतून बाहेर आल्या आल्या आपल्या ओल्या चपला आपल्या दारात न ठेवता पलीकडच्या दारात सरकवतात. पलीकडच्या घरात बारा वर्षांची मुलगी एकटी आहे. वसुलीवाला तिलाच विचारतो, “या कुणाच्या गं?”

आता गोष्टीत माणसं आली, पैसा आला, खोटं बोलायची वेळ आली.

पण ‘घरात कुणीच नव्हतं’ हे मोडलं की! मोडू दे. इथं आपली शाळा आडवी येते. मराठीच्या पेपरात मुद्दे दिलेले असायचे: लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड, देवी. एकही मुद्दा सुटला तर गुण गेले. वर शीर्षक हवं, खाली तात्पर्य हवं. ती सवय हातात इतकी मुरलेली असते की चाळिशीतला माणूसही प्रॉम्प्ट समोर आला की त्याचं उत्तर लिहायला बसतो. स्पर्धेत नियम असेल तर वाक्य जसंच्या तसं घ्या, काही इलाज नाही. एरवी स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग काढतात तसं पहिला खर्डा झाल्यावर प्रॉम्प्टचं वाक्य काढून पाहा. कथा उभी राहिली तर ते परत घालू नका. कोसळली तर कथा अजून झालेलीच नाही.

प्रॉम्प्टपासून किती लांब जाता येतं याचा नामांकित दाखला 1816चा आहे. जिनिव्हा सरोवराकाठी पावसानं घरात अडकलेल्या मंडळींना कवी बायरननं सुचवलं, प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची. त्यात अठरा वर्षांची मेरी होती, पुढे मेरी शेली म्हणून ओळखली गेलेली. तिला काही सुचेना. रोज सकाळी ‘गोष्ट सुचली का’ म्हणून विचारणा व्हायची आणि रोज नाही म्हणावं लागायचं, असं तिनं ‘फ्रँकेन्स्टाइन’ या आपल्या कादंबरीच्या 1831च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलंय. मग एका रात्री निर्जीव देहात प्राण आणता येतील का, यावर गप्पा रंगल्या आणि तिथं ठिणगी पडली. 1818मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ छापून आलं. त्यात भूत नाही. बायरननं स्वतःची गोष्ट मात्र अर्धवटच सोडली. म्हणजे प्रॉम्प्ट मिळाल्यावर तासाभरात काही उमटलं नाही तर आपल्यात प्रतिभा नाही असं समजून वही मिटणं हीही चूकच. तो डोक्यात ठेवून भाजी आणायला जा, लोकलमधली भांडणं ऐका. त्याला धडकायला दुसरं काहीतरी लागतं.

पाच शब्दांचे प्रॉम्प्ट असतात: कंदील, मोगरा, तार, वळण, पाऊस. लोक पाचही शब्द पहिल्याच परिच्छेदात कोंबतात, जणू पिशवी रिकामी करायची आहे. एक शब्द निवडा, त्याच्यावर प्रसंग उभा करा. बाकीचे वाटेत आले तर आले.

‘एकटेपणा’, ‘विश्वासघात’ असले भाववाचक प्रॉम्प्ट अधिक फसवे. त्यावर कथेऐवजी निबंध होतो, क्वचित वाईट कविता. आधी शब्दाचं वस्तूत किंवा कृतीत रूपांतर करा. एकटेपणा म्हणजे अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी रोज संपत नाही म्हणून विरजण लावत राहणारा आणि ते दही जिन्यातल्या प्रत्येक घरी वाटत फिरणारा माणूस. आता तुमच्याकडे फ्रीज आहे, जिना आहे, आणि ‘आज नको हो’ म्हणणारी शेजारीणही आहे.

प्रॉम्प्ट साठवून ठेवायचा छंद वेगळाच. मोबाइलमध्ये त्यांचे शेकडो स्क्रीनशॉट असतात आणि कथा एकही नसते. त्याबद्दल जास्त बोलण्यासारखं काही नाही. एक ठेवा, बाकीचे उडवा.

आणि कथा मध्येच अडली तर नवा प्रॉम्प्ट शोधायला पळू नका. जिथं अडली तिथल्या पात्राला आत्ता काय लपवायचं आहे, ते आधी पाहा. माझी ती चाळीतली मुलगी आठवडाभर दारात उभी होती, कारण मी तिला नुसती साक्षीदार करून ठेवली होती. काल लक्षात आलं की काकांनी तिला गप्प राहायचे दहा रुपये दिलेत, आणि ते तिनं आईला सांगितलेलं नाही.