अमेरिकन साहित्याचा पेपर: नेटवर बसण्याआधीची तयारी

एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर घेतला असेल, तर गाईड उघडण्याआधी सिलॅबस समोर घ्या आणि प्रत्येक पुस्तकापुढे पेन्सिलीने दोन गोष्टी लिहा: लेखकाचं निधन कधी झालं आणि आपण कुठली आवृत्ती वाचणार. पहिलीवरून पुस्तक नेटवर राजरोस फुकट मिळेल का, ते कळतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. हेमिंग्वे १९६१ला गेला, फॉकनर १९६२ला. दोघांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन भारतात आता मुक्त आहे. आर्थर मिलर आणि टोनी मॉरिसन मात्र विकत घ्यायचे किंवा ग्रंथालयातून आणायचे. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफच्या भरवशावर राहू नका.

आवृत्तीचा मुद्दा त्याहून मोठा आहे आणि नेमका तोच बहुतेकांकडून सुटतो. एमिली डिकिन्सनचंच बघा. हयातीत तिच्या मोजक्याच कविता छापल्या गेल्या. १८८६ला ती गेली आणि १८९०मध्ये पहिला संग्रह आला, तोही संपादकांनी तिचे डॅश काढून, यमकं जुळवून, वर शीर्षकं चढवून. मृत्यू तिला गाडीत बसवून नेतो, ती कविता तुमच्या सिलॅबसमध्ये बहुधा असेलच. त्या संग्रहात ती पाच कडव्यांची आहे; मुळात सहा आहेत. गाळलेलं कडवं चौथं. आपण मावळत्या सूर्याला मागे टाकलं असं म्हणून झाल्यावर ती स्वतःलाच दुरुस्त करते, की नाही, तोच आपल्याला ओलांडून गेला. आणि मग झिरझिरीत कपड्यांत तिला गारठा जाणवू लागतो. कवितेचा सूर पालटतो तो इथेच. हे कडवं न वाचता त्या कवितेवर १५ मार्कांचं उत्तर लिहिणं मला अन्यायाचं वाटतं, कवितेवरही आणि स्वतःवरही. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या संकेतस्थळावर मिळतो तो हाच जुना, सुधारलेला पाठ. म्हणून एमिली डिकिन्सन आर्काइव्ह उघडा. तिथे तिच्या हस्ताक्षरातली पानं आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांतले पाठ एकत्र पाहता येतात. अक्षर लावायला वेळ लागतो, पण निदान एक कविता तरी अशी वाचाच.

वॉल्ट व्हिटमनसाठी १९९५पासून चालू असलेलं वॉल्ट व्हिटमन आर्काइव्ह आहे. त्याने ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हे एकच पुस्तक आयुष्यभर वाढवत नेलं. १८५५च्या आवृत्तीत बारा कविता, एकीलाही स्वतंत्र नाव नाही, शीर्षकपानावर कवीचंही नाव नाही. त्यातल्या पहिल्या आणि सगळ्यात लांब कवितेला ‘साँग ऑफ मायसेल्फ’ हे आजचं नाव १८८१ला मिळालं आणि तिच्या पहिल्या ओळीचा उत्तरार्धही तेव्हाच जोडला गेला. तेव्हा अवतरण देताना शेजारी साल लिहायची सवय लावून घ्या.

गुलामगिरीतून सुटलेल्यांची आत्मकथनं वाचायची असतील तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ हा संग्रह बुकमार्क करून ठेवा. फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मचरित्र सिलॅबसमध्ये असतं. त्यात तो आपण कसे पळालो ते मुद्दाम सांगत नाही, कारण मागे राहिलेल्यांची वाट बंद झाली असती. ती हकिकत त्याने १८८१च्या आत्मचरित्रात सांगितली. दोन्ही इथे आहेत, शेजारी ठेवून वाचा.

दलित साहित्याशी तुलना करणारा पेपर किंवा प्रबंध डोक्यात असेल, तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयाने डिजिटल केलेली कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची कागदपत्रं बघायलाच हवीत. (अ‍ॅमहर्स्ट म्हणजे डिकिन्सनचंही गाव.) डॉ. आंबेडकरांनी १९४६ला ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र तिथे आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी त्यात मागितल्या आहेत. ड्यू बॉइस यांचं उत्तरही वाचता येतं. दलित पँथरचं नाव १९७२ला अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं, एवढ्यावर न थांबता इतकं मागे गेलात तर प्रबंधाला भक्कम पाया मिळेल.

व्याख्यानांसाठी ‘ओपन येल कोर्सेस’ पुरेसं आहे. वाई ची डिमॉक यांचा हेमिंग्वे, फिट्झजेराल्ड आणि फॉकनरवरचा अख्खा कोर्स तिथे आहे, एमी हंगरफर्ड यांचा १९४५नंतरच्या कादंबरीवरचाही. उच्चार कळेनासे झाले की लिखित प्रत समोर ठेवून ऐका. फॉकनर अवघड जातोय असं वाटलं, तर व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याचं १९५७-५८मधलं ध्वनिमुद्रण ऐका. विद्यार्थी विचारताहेत आणि तो स्वतः उत्तरं देतोय.

समीक्षा सगळ्यात शेवटी. जेस्टोर या संशोधनपर लेखांच्या संकेतस्थळावर फुकट खातं काढलं की दर महिन्याला ठराविक लेख वाचता येतात, म्हणून खातं आत्ताच काढा आणि लेख मूळ पुस्तक वाचून झाल्यावरच उघडा. उतरवून घेतलेल्या प्रत्येक ओळीखाली लिंक, आवृत्तीचं साल आणि पाहिल्याची तारीख तिथल्या तिथे टिपा, म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री शोधाशोध करावी लागणार नाही.