नव्या वर्षाचे वार्तापत्र, शिबिर आणि हिशेब : गावातल्या प्रतिष्ठानाची डिसेंबर ते एप्रिल तयारी

तालुक्याच्या गावातले धर्मादाय प्रतिष्ठान वर्षातून दोनदा नवे वर्ष सुरू करते. कार्यक्रमांचे वर्ष जानेवारीत लागते, हिशेबाचे एप्रिलमध्ये. मधले तीन महिने दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. जानेवारीत मंडपात घाईने लिहिलेला चुकीचा पॅन खजिनदाराला मे महिन्यात सापडतो आणि तोवर देणगीदार मुलाकडे पुण्याला गेलेला असतो. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला हात पावती पुस्तकांना घालावा. मंडपवाल्याला फोन आठवडाभराने केला तरी चालतो.

सगळी पावती पुस्तके कपाटातून काढून मोजा. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, त्यातला पहिला आणि शेवटचा क्रमांक कोणता, हे एका वहीत लिहून समोर सही घ्या. जुन्या कार्यकर्त्याच्या घरी राहून गेलेले अर्धे पुस्तक लेखापरीक्षणाच्या वेळी सगळ्यात जास्त छळते. पावतीवर प्रतिष्ठानचे नोंदणीतले पूर्ण नाव, धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक त्याच्या आधी येणाऱ्या अक्षरासकट, प्रतिष्ठानचा पॅन आणि ८०जी (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले, देणगीदाराला कर-वजावट देणारे कलम) मान्यतेचा क्रमांक हवा. देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन, रक्कम, ती कशी दिली आणि कशासाठी दिली, हे सहाही रकाने भरलेले हवेत. शेवटच्या रकान्यात ‘सर्वसाधारण’ लिहून मोकळे व्हायची सवय असते. पण देणगी मूळ निधीसाठी, म्हणजे खर्च न करता राखून ठेवायच्या रकमेसाठी, असेल तर देणगीदाराने तसे लेखी दिलेले असावे लागते. दोन ओळींचे पत्र तिथल्या तिथे घ्या आणि पावतीच्या आपल्याकडे राहणाऱ्या स्थळप्रतीला टाचून ठेवा.

पॅनची रचना मंडपात बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावी : पाच अक्षरे, चार अंक, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर ‘पी’ असते. एवढे ठाऊक असले की चूक जागेवर कळते. पहिल्या पाचांत शून्य दिसले तर ते ‘ओ’ आहे, मधल्या चारांत ‘एस’ दिसला तर तो पाचाचा आकडा आहे. लिहायला बॉलपेनच द्या. जेल पेनने कार्बन नीट उठत नाही, मग देणगीदाराची पावती ठळक दिसते आणि आपल्याकडच्या स्थळप्रतीवर पुसट रेघा उरतात. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर ८०जीची वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असलेल्याला ती मुळातच मिळत नाही. या दोन्ही गोष्टी पैसे घेण्याआधी सांगाव्यात. नंतर सांगितल्या की फसवल्यासारखे वाटते, आणि पुढच्या वर्षी ते घर आपल्याला बंद होते.

नवी पुस्तके छापायची असतील तर जरा थांबा. प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात. पुढच्या पावतीवरचा मजकूर सीएंकडून लिहून घ्या आणि मगच छपाईला द्या. जुन्या मजकुराची पुस्तके मार्च २०२६ पर्यंतच्या देणग्यांसाठीच.

यूपीआयचा क्यूआर कोड प्रतिष्ठानच्या बँक खात्याचाच असावा. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यावर ‘तात्पुरते’ घेतलेले पैसे कितीही प्रामाणिकपणे वळते केले तरी हिशेबात खुलासा द्यावा लागतो. हाच कोड व्हॉट्सॲपवरून अमेरिकेतल्या, आखातातल्या गाववाल्यांपर्यंत जातो, तिथे खरा धोका आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी निधी धरली जात नाही. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी मात्र परदेशीच, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असो आणि गावात वडिलोपार्जित घर असो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर अशी देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. परदेशातून आलेल्या प्रत्येक चौकशीला पहिला प्रश्न पासपोर्टचा विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता वार्तापत्र. ए३ कागद मधोमध दुमडला की ए४ ची चार पाने मिळतात. आठ पाने करायचा मोह टाळा, कारण ती भरायला भाषणे आणि सत्काराचे फोटो लागतात. पहिल्या पानावर जानेवारी ते मार्चच्या कार्यक्रमांच्या तारखा, वार, वेळ आणि जागा. वार कॅलेंडर समोर ठेवून दुसऱ्याने तपासावा, गेल्या वर्षीचे पान उचलून तारखा बदलताना वार तसाच राहतो. दुसऱ्या पानावर मागच्या वर्षी आले किती आणि गेले कशावर, तेही शाळेतल्या मुलाला कळेल अशा ओळींत : वह्यांवर इतके, शस्त्रक्रियांच्या मदतीवर इतके, छपाई-मंडप-चहावर इतके. चहाचा आकडा लपवू नका, लोक तोच आधी शोधतात. तिसऱ्या पानावर मदतीसाठी अर्ज कसा करायचा ते, चौथ्यावर देणगीदारांची नावे. नावांचे प्रूफ दोघांनी वाचावे, एकाने पावती मोठ्याने म्हणायची आणि दुसऱ्याने कागदावर टिंब द्यायचे. मदत मिळालेल्या मुलांचे फोटो आणि आडनावे छापू नका. ज्या वर्गात त्या मुलाला दहावीपर्यंत बसायचे आहे, त्याच वर्गातल्या घरांत हे वार्तापत्र जाते. पीडीएफ पाठवताना लक्षात असू द्या की ब्रॉडकास्ट यादीतला संदेश फक्त आपला नंबर जतन केलेल्यांनाच पोचतो. म्हणून छापील अंकावर नंबर मोठ्या अक्षरांत द्या आणि तो जतन करायला स्पष्ट सांगा.

जानेवारीतले मोठे काम रक्तदान शिबिराचे. १ जानेवारीच्या सकाळी शिबिर ठेवण्याची पद्धत पडली आहे, पण ती बदलावी असे आमचे ठाम मत आहे. आदल्या रात्री जागलेला किंवा दारूचा अंमल न उतरलेला दाता डॉक्टर परत पाठवतात, आणि तरुण दात्यांत त्या दिवशी असे बरेच असतात. ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाई फुले यांची जयंती, किंवा तिच्या लगतचा रविवार धरा. पंचांगही पाहा. संकष्टी, एकादशी असेल तर उपाशी पोटी आलेले दाते रांगेत उभे राहतात आणि त्यांनाच चक्कर येते. सकाळी साडेआठपासून पोहे-उपमा ठेवा, तोही नोंदणीच्या टेबलाआधी. रक्त दिल्यानंतरचा नाश्ता वेगळा.

रक्तकेंद्राला महिनाभर आधी पत्र द्या आणि अपेक्षित दाते खरे सांगा. नियमांत हिशेब दिलेला आहे : तीन तासांत ५० ते ७० किंवा पाच तासांत १०० ते १२० दात्यांसाठी ६ ते ८ टेबले, एक वैद्यकीय अधिकारी, रक्त घेणारे दोन परिचारिका किंवा तंत्रज्ञ, दोन सामाजिक कार्यकर्ते, तीन रक्तकेंद्र तंत्रज्ञ आणि दोन मदतनीस. आपण फलकावर ‘२०० पिशव्यांचा संकल्प’ लिहायचा आणि पथक एकच बोलवायचे, मग दुपारी एक वाजता रांगेतली माणसे घरी निघून जातात. त्याऐवजी दात्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा फोनवर वाटून द्या. जागा तळमजल्यावरची हवी. पंखे, सलग वीज, हात धुवायला वाहते पाणी आणि रक्तकेंद्राची गाडी दारापर्यंत येईल एवढी वाट हवी. शाळेचे पहिल्या मजल्यावरचे सभागृह चकचकीत असले तरी ते नाकारा. चक्कर बहुधा टेबलावर येत नाही, माणूस उठून चालू लागला की येते, आणि तेव्हा समोर जिना नसावा. नाश्त्याच्या टेबलाजवळ एक कार्यकर्ता फक्त चेहरे बघायला नेमा. कपाळावर घाम, ओठ पांढरे, बोलणे अचानक थांबले, की तिथेच जमिनीवर आडवे झोपवून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. खुर्चीवर बसवून पाणी पाजायच्या नादात माणूस खुर्चीसकट पडतो. प्रत्येक दात्याला पंधरा मिनिटे बसवून ठेवा, ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्याला तर आवर्जून.

निकष वार्तापत्रातच छापले तर परत जाणारे कमी होतात : वय १८ ते ६५, पहिल्यांदा देणाऱ्यासाठी ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो. हिमोग्लोबिन किमान १२.५. गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलेले नसावे. ३५० मिलीची पिशवी ४५ किलोपासून, ४५० मिलीची ५५ किलोंच्या पुढे. रक्त स्वेच्छेने आणि विनामोबदला द्यायचे असते, म्हणून मिक्सर, हेल्मेट, बॅगा यांची आमिषे नकोत. भेटवस्तूच्या ओढीने आलेला माणूस आजार लपवतो. प्रमाणपत्र आणि चांगला चहा पुरे.

या दिवशी दोन याद्या करा, पुढची सगळी कामे त्यांवरच चालतात. पहिली यादी रक्त दिलेल्यांची : नाव, रक्तगट, फोन, तारीख. दुसरी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत गेलेल्यांची. त्या यादीत बायकाच जास्त असतात, आणि ‘रक्त कमी आहे, देता येणार नाही’ एवढे ऐकून त्या घरी जातात. १२.३ असलेली बाई आजारी नाही, दान मात्र करता येत नाही, हा फरक तिला तिथेच सांगायला हवा. ज्यांचे ९ किंवा १० आले त्यांना नुसता सल्ला देऊन भागत नाही.

त्यांच्यासाठी हळदी-कुंकू. संक्रांत ते रथसप्तमी एवढा काळ हाताशी असतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र देऊन परिचारिका, हिमोग्लोबिन तपासणी आणि लोहाच्या गोळ्यांची सोय मागा, आशाताईंना आठ दिवस आधी यादी दाखवा. यादी सगळ्यांसमोर वाचायची नाही, प्रत्येकीला वेगळा फोन करायचा. निमंत्रणात ‘सौभाग्यवती’ लिहू नका, ‘गावातील सर्व महिला’ लिहा आणि विधवा बायकांना घरी जाऊन बोलावणे करा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याला आता काही वर्षे झाली. पण नुसत्या छापील निमंत्रणावर त्या येत नाहीत. दारात कोणीतरी आपल्या वयाची बाई उभी राहून ‘माझ्याबरोबर चला’ म्हणाली की येतात.

दोनशे बायकांना प्रत्येकी दोन लाडू म्हणजे चारशे, १५ ग्रॅमचा एक धरला तर सहा किलो. अडीच किलो तीळ, अडीच किलो गूळ, एक किलो शेंगदाण्याचे कूट. गूळ साधा घ्या. चिक्कीच्या गुळाचे लाडू दुसऱ्या दिवशी दगड होतात आणि म्हाताऱ्या बायका ते पदरात बांधून नुसते घरी नेतात. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नकोत, लोखंडी पळी किंवा कापडी पिशवी द्या.

फेब्रुवारी कागदांचा महिना. ज्यांच्यावर ते बंधन आहे त्या न्यासांनी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३१अ प्रमाणे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक हिशेबी वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी धर्मादाय कार्यालयाला द्यायचे असते, म्हणजे एप्रिल-मार्च वर्ष असेल तर फेब्रुवारी संपायच्या आत. याच सुमारास सर्वसाधारण सभा घेऊन विश्वस्त बदलले तर त्याच अधिनियमाच्या कलम २२ खालचा बदल अर्ज ९० दिवसांत दाखल करावा लागतो. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा सभेच्या सूचनेवर. आपल्या घटनेत सूचनेचे दिवस किती लिहिले आहेत ते आधी काढून वाचा, सूचना पोचल्याच्या सह्या घ्या, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे आणि जुन्यांचे राजीनामे इतिवृत्ताच्या वहीसोबत ठेवा. बदल मंजूर होऊन धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकमध्ये, नोंद होईपर्यंत बँक सह्या बदलताना कुरकुर करते. म्हणून निवृत्त होणाऱ्या खजिनदाराने गाव सोडण्याआधी सहीची सोय लावून घ्या.

मार्चमध्ये वह्यांची मागणी नोंदवा. जूनमध्ये सगळेच मागतात आणि भाव चढतो. नमुन्याची एक वही फोडून पाने मोजा आणि शाईपेनाने लिहून पाहा, मागच्या बाजूला शाई फुटली तर तो कागद परत. शैक्षणिक मदतीच्या अर्जाला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड आणि गुणपत्रिका लागते. अर्जाची मुदत दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्यानंतरची ठेवा आणि फी थेट शाळा-कॉलेजच्या खात्यात भरा.

३१ मार्चला संध्याकाळी सगळी पावती पुस्तके परत घ्या, शेवटच्या पावतीखाली रेघ मारून तारीख टाका, रद्द पावत्यांच्या सगळ्या प्रती पुस्तकातच आहेत का पाहा. पेटीतली रोकड दोघांनी मोजून कीर्दीशी जुळवा. देणग्यांचे विवरणपत्र, म्हणजे १९६१ च्या कायद्यातला नमुना १०बीडी, भरण्याची आणि देणगीदारांना प्रमाणपत्र देण्याची मुदत ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क.

आणि पहिली यादी पुन्हा उघडा. पुरुषांनी ९० दिवसांनी आणि स्त्रियांनी १२० दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचे असते. ३ जानेवारीचे पुरुष दाते साधारण ३ एप्रिलला मोकळे होतात, स्त्रिया ३ मेला. याच दिवसांत कॉलेजे बंद, शिबिरे कमी आणि रक्तकेंद्रांची शीतपेटी रिकामी असते. जानेवारीत गोळा केलेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात, प्लेटलेट्स तर पाच दिवस, त्यामुळे तेव्हाचा साठा आता कामाचा नाही. मोठे शिबिर घ्यायची गरज नाही. रक्तकेंद्राला विचारून आठवड्याला दहा-दहा दात्यांना फोन करा, ज्या गटाची चणचण असेल त्यापासून सुरुवात, आणि उन्हाचे दिवस असल्याने सकाळी दहाच्या आत नेऊन परत आणायची गाडी ठरवून ठेवा.