टॅटूआधी बधिर करणारं क्रीम लावताय? जरा जपून

पुण्यात एफसी रोडला टॅटू काढायला जाताना काहीजण घरूनच हातभर क्रीम फासून वर क्लिंग फिल्म गुंडाळतात आणि भर उन्हात गाडीवर निघतात, हे अजिबात करू नका, गरमी आणि प्लॅस्टिक दोन्हीमुळे औषध जास्त प्रमाणात रक्तात जातं. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नेहमीच्या क्रीममध्ये लिडोकेन 2.5 आणि प्रिलोकेन 2.5 टक्के (दोन्ही बधिर करणारी औषधं) असतं, ऑनलाइन 10 टक्केवाल्या पण दिसतात, पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या क्रीममध्ये 4 टक्क्यांच्या वर लिडोकेन असेल तर त्वचेवर लावू नका. आयब्रोला मायक्रोब्लेडिंग (बारीक सुयांनी भुवईत रंग भरणं) करताना क्रीम डोळ्यात गेलं तर कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, इजा होते, आणि डोळा बधिर झाल्यामुळे ते कळतही नाही बरं का. सुई लागून गेल्यावर मध्येच परत जाड थर देत असतील तर सरळ नाही म्हणा, सोललेल्या कातडीतून औषध भराभर आत जातं. तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, चक्कर, ओठ निळसर, यातलं काहीही वाटलं की क्रीम लगेच पुसायचं आणि हॉस्पिटल गाठायचं, टॅटू अर्धा राहिला तरी चालेल. गरोदर असाल किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.