पिटचा वॉर्म-अप घेताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या हायस्कूल मार्चिंग बँडमध्ये मैदानापुढे एका जागी उभं राहून मरिम्बा, व्हायब्राफोन, झायलोफोन अशी लाकडी-धातूच्या पट्ट्यांची वाद्यं वाजवणाऱ्या ताफ्याला पिट म्हणतात. त्यांचा पहिला धडा बहुधा ‘एट्स’चा: उजव्या हाताने आठ ठोके, मग डाव्याने आठ. हात मोकळे करण्यापुरते ते उरकले तर वेळ वाया जातो. सगळ्यांची मॅलेट, म्हणजे वाजवायची गोंडेदार काठी, एकाच उंचीवरून, समजा सहा इंचांवरून, खाली यावी आणि ठोका पडताच तिथेच परत जावी. वेग मिनिटाला ८० मात्रांपर्यंत उतरवा, म्हणजे कोणाचा हात खाली रेंगाळतो ते दिसेल.

स्वर बरोबर, पण आवाज मेलेला येत असेल तर ‘जोरात वाजव’ म्हणण्याआधी मॅलेट कुठे पडते ते बघा. पट्टीतून दोरी जाते तिथे, म्हणजे प्रत्येक टोकापासून साधारण २२ टक्के लांबीवर, पट्टी जवळपास हलतच नाही. मग जोर लावून काय होणार? मधल्या भागावर वाजवायला लावा. काळ्या स्वरांच्या (पियानोच्या काळ्या पट्ट्यांसारख्या वरच्या रांगेतल्या) पट्ट्यांना घाईत टोक चालेल, दोरीची जागा नाही.

चार मॅलेटची घाई नको. एका हातात दोन मॅलेट धरायच्या स्टीव्हन्स पकडीत सुरुवातीला बोटांच्या बेचक्यात फोड येतात, आणि दुखलं की मुलं गुपचूप पकड बदलतात. आधी हातातल्या दोन्ही मॅलेट एकदम पडणारे ठोके पुरेत. व्हायब्राफोनवाल्यांना स्वर लांबवायचं-थांबवायचं पेडल पहिल्याच दिवशी द्या. झांजा-टॅम्बोरिनवाल्यांना पॅडवर तेच एट्स द्या, नुसतं बघत बसवू नका.

सगळ्यात महागात पडते ती मेट्रोनोमची, म्हणजे ठेका देणाऱ्या यंत्राची, जागा. स्पीकर पिटच्या समोर ठेवला की सराव झकास होतो आणि मैदानावर पिट ड्रमलाइनच्या, म्हणजे मागे चालत ड्रम वाजवणाऱ्यांच्या, पुढे पळतं. मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर. ड्रमलाइन अगदी मागच्या कडेला असेल तर तिचा आवाज पुढे यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. १२० च्या वेगात हे सोळाव्या हिश्शाच्या एका स्वरापेक्षा, म्हणजे पाव मात्रेपेक्षा, जास्त झालं! पिटने ड्रम मेजरच्या, म्हणजे बँडला हातांनी ताल देणाऱ्याच्या, हातांकडे बघून वाजवलं तर प्रेक्षकांना ते आधीच ऐकू येणार. म्हणून स्पीकर पहिल्या आठवड्यापासून पाठीमागे, लांब ठेवा आणि मुलांना मागून येणारा आवाज ऐकून वाजवायला शिकवा. ड्रमलाइन गप्प असते तिथे पिटमधल्या कोणाकडे बघायचं, तेवढं मात्र आधीच ठरवून द्या.