बुफरचा डबा घरी बनवताय? या चुका टाळा

१२ इंची बुफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, चांगला, अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या तोडीचा, वायर जाडजूड, आणि डबा मात्र रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ठोकलेला. ‘बेसच येत नाही’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांची कथा एवढीच असते. मीही पहिला डबा असाच केला. साक्रीच्या आतेभावाच्या जुन्या गाडीत बसवला, धुळ्याच्या रस्त्याला लागलो, आवाज वाढवला. दोन गाणी झाली असतील नसतील, आतेभाऊ शांतपणे म्हणाला, “भाऊ, हाऊ डबा नुसता गुरगुरस.”

खरंच गुरगुरत होता. खाली जे लिहितोय ते जवळपास सगळं त्या एका डब्यात मी चुकवलं होतं.

बाहेरच्या मापावर हिशेब

डबा बाहेरून ६०० × ४०० × ३५० मिलिमीटर. गुणाकार केला, ८४ लिटर आले, खूश झालो. पण १८ एमएमची फळी दोन्हीकडून माप खाते. आतलं माप होतं ५६४ × ३६४ × ३१४, म्हणजे साडेचौसष्ट लिटर. त्यातून बुफरच्या चुंबकाचे अंदाजे ३ लिटर, हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपाचे (पोर्टचे) अडीच आणि आतल्या आधारांचे दीड-दोन गेले की हातात राहतात ५७ लिटर. घनफुटात सांगायचं तर जेमतेम २.

नुसतं लिटर कमी भरले असते तर चाललं असतं, पण पाइपाची लांबीही त्याच आकड्यावरून निघते. ८४ लिटर धरून ३५ हर्ट्झसाठी ४ इंची पाइप १६ सेंटिमीटर लागतो, तेवढाच मी कापला. खऱ्या ५७ लिटरांत त्याच पाइपाने डबा ४२ हर्ट्झला जाऊन बसला. तिथे पाहिजे होता साडेसत्तावीस सेंटिमीटरचा. मग काय, ढोलाची एक थाप घुमायची आणि तिच्या खालचं सगळं गायब. शिवाय ट्यूनिंगच्या, म्हणजे डबा आणि पाइपाने ठरवलेल्या सुराच्या, खाली गेलं की कोनला (बुफरच्या हलणाऱ्या पडद्याला) मागून हवेचा आधारच राहत नाही, तो मोकाट हलतो आणि त्याला जोडलेली तारेची कॉइल आपटायला लागते. पोर्टच्या डब्याला अ‍ॅम्प्लिफायरमधला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) ट्यूनिंगच्या थोडा खाली लावायचा तो यासाठी.

पाइप शेतीच्या दुकानातला ११० एमएमचा पीव्हीसी उत्तम चालतो; आपल्या भागात त्याचे तुकडे कुठेही पडलेले सापडतात. फार वॉट लावले तर मात्र एवढ्या तोंडातून हवा फुसफुसायला लागते, तेव्हा मोठा पोर्ट करावा लागतो आणि लांबी पुन्हा नव्याने काढावी लागते. पाइप बसवतानाही एक फसगत आहे. वर सांगितलेल्या डब्यात तो समोरून लावला तर मागच्या फळीपासून जेमतेम ५-६ सेंटिमीटरवर संपतो आणि गुदमरतो. पाइपाच्या टोकापुढे निदान त्याच्या व्यासाएवढी जागा मोकळी हवी. म्हणून तो डब्याच्या लांबीत, बाजूच्या फळीतून घ्यायचा.

जाड फळी घेतली म्हणजे आधार नको, हा समज

१२ एमएमच्या प्लायवर भागवणारे आहेतच, त्यांना एवढंच सांगतो: फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. त्याच मालाची १८ एमएमची फळी १२ पेक्षा सव्वातीन पटींहून जास्त ताठ. पण १८ घेतली तरी ५६४ × ३६४ एवढा सपाट भाग आधाराशिवाय सोडला की तो ढोलकीच्या पानासारखा वागतो. डब्याच्या आतला दाब १००० पास्कल वर-खाली झाला तर एवढ्या फळीवर २० किलोचा रेटा येतो, आणि ४० हर्ट्झच्या सुराला तो सेकंदात ४० वेळा आत-बाहेर होतो. फळी वाकवण्यात गेलेली ताकद कानापर्यंत पोचत नाही. उलट फळीचा स्वतःचा घोगरा आवाज मिसळतो. आतेभावाला ऐकू आला तो हाच.

२५ एमएमचा शीट शोधत फिरण्यापेक्षा उरलेल्या तुकड्यांतून आधार घाला. माझा आग्रह खिडकीसारख्या चौकटीचा आहे. ३६४ × ३१४ चा तुकडा घ्या, कडेला ५ सेंटिमीटरची पट्टी सोडून मधलं जिगसॉने काढून टाका. ही चौकट वर, खाली, पुढे, मागे अशा चारही फळ्यांना एकदम धरते आणि जागा खाते फक्त एक लिटर.

ती बसवायची कुठे, यात लोक हमखास चुकतात. बरोब्बर मधे लावली की फळीचे दोन सारखे तुकडे होतात, दोन्ही एकाच सुरावर थरथरतात. विषम भाग पाडा. या डब्यात एका बाजूला ३२० मिलिमीटर ठेवून तिथे बुफर बसतो, मग १८ ची चौकट, पलीकडे २२६. पाइप त्या २२६ च्या बाजूने येतो आणि चौकटीतून जातो, म्हणजे पाइपालाही धरायला जागा मिळते. नाहीतर लांब पाइप आत लोंबकळत खडखडतो. पाइप जाऊनही खिडकीत भरपूर मोकळी जागा राहिली पाहिजे, हवा दोन्ही कप्प्यांत सहज फिरावी.

मोठ्या कप्प्यात वरची आणि खालची फळी एका दांड्याने जोडा. मी चक्क फावड्याचा जुना दांडा कापून लावलाय, दोन्ही टोकांना गोंद आणि बाहेरून एकेक स्क्रू. फक्त तो चुंबकाच्या मागच्या भोकासमोर येऊ देऊ नका. कॉइल त्या भोकातून श्वास घेते, समोर दोन इंच तरी मोकळे हवेत.

पुढच्या फळीतून बुफरसाठी जवळजवळ २८ सेंटिमीटरचं भोक पडतं, म्हणजे वजन पेलायचं तीच फळी सगळ्यात लुळी. तिथे दुसरी फळी चिकटवून दुहेरी करा, पण बाहेरून. आतून लावली तर अडीच-पावणेतीन लिटर गेले आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

सांध्यावर घाई

फळ्या घरी करवतीने कापू नका. प्लायच्या दुकानात मशीनवर कापून घ्या आणि तिथेच दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले नाहीत तर गुण्या लावून वाद घालत बसू नका, परत कापायला सांगा. वाकडी कड भुस्सा आणि फेव्हिकॉलच्या लगद्याने झाकता येते असं मिस्त्री सांगतील. केसाएवढी फट झाकते, दोन सुताची नाही.

स्क्रू डबा धरतात असं समजून गोंद नावाला लावणारे बरेच. खरं काम गोंदाचं; स्क्रू फक्त तो वाळेपर्यंत फळी दाबून धरतात. एमडीएफच्या (दाबलेल्या भुशाच्या फळीच्या) कडेत आधी अडीच-तीन एमएमचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू घातला की कड पानासारखी उलते. आणि इथे आपला उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो. पत्र्याच्या शेडखाली पूर्ण कडेला गोंद लावून फळी उचलेपर्यंत वर साय धरते. मग फळी बसते, चिकटत नाही. पहाटे काम करा, एकावेळी एकच सांधा घ्या. वाळायला पूर्ण दिवस द्या. उन्हात लवकर वाळतं म्हणून डबा उन्हात ठेवू नका, फळी वाकते. पांढरा गोंद तापल्यावर मऊ पडतो, आणि बंद गाडीची डिकी दुपारी भट्टीच असते. म्हणून आतल्या कोपऱ्यांत एक इंची रिपा चिकटवा, गोंदाला जागा वाढते.

आतून सिलिकॉन फिरवणार असाल तर ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो लावून लगेच बुफर बसवू नका. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान एक-दोन दिवस, डबा उघडा ठेवा. ती वाफ आम्लाची असते, बंद डब्यात बुफरच्या धातूला आणि चिकटवलेल्या भागांना बाधते.

बाकीचं भराभर. बुफरच्या कडेखाली फोमची गॅस्केट पट्टी विसरू नका. वायरचं भोक मोकळं सोडू नका. कार्पेट शेवटी, गळती तपासल्यावर. एमडीएफच्या उघड्या कडांना सीलर मारा, पावसाळ्यात त्या पाणी पिऊन फुगतात. डबा डिकीत पट्ट्याने किंवा बोल्टने बांधा. करकचून ब्रेक लागल्यावर २५ किलोचा डबा मागच्या सीटकडे पाहत बसत नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. आणि फळ्या कापण्याआधी डिकीचं तोंड मोजा, नुसती आतली जागा नाही. हे मला का सुचलं ते विचारू नका. तो डबा शेवटी मागची सीट काढून आत गेला.

गुरगुर कुठून येते ते शोधायचं कसं

आधी नंबर प्लेट आणि डिकीचं झाकण हाताने दाबून बघा. निम्मा खडखडाट तिथलाच निघतो. मग डबा बाहेर काढून जमिनीवर ठेवा, फोनवरून ४० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा आणि वरच्या फळीवर दादर ज्वारीचे मूठभर दाणे पसरा. मधल्या भागात दाणे उड्या मारतात आणि कडेला स्वस्थ राहतात, तर फळी वाकतेय, तिथे आधार हवा. सगळेच सारखे उडत असतील तर डबाच जमिनीवर हलतोय, खाली रबर घाला.

गळतीला अगरबत्ती. सूर चालू ठेवून ती सांध्यांजवळून, वायरच्या खाचेवरून, बुफरच्या कडेवरून हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जायचा सोडून एखाद्या जागी थरथरला की तिथे फट. पोर्टच्या तोंडाजवळ तो हलणारच, तिथे फसू नका.

आतेभावाच्या डब्यात धूर दोन जागी नाचला, मागच्या खालच्या कोपऱ्यात आणि वायरच्या भोकाशी. फटी बुजवल्या, चौकट घातली, पाइप साडेसत्तावीसचा केला. बुफर तोच, अ‍ॅम्प्लिफायर तोच. पुढच्या लग्नसराईला त्याचा फोन आला, नंबर प्लेटचा स्क्रू कुठल्या मापाचा लागतो विचारायला.