ठोसेघरला सहकुटुंब निघण्यापूर्वीची तयारी

साताऱ्याजवळचा ठोसेघरचा धबधबा पाहायला घरातल्या लहानथोरांना घेऊन जायचे ठरले असेल, तर तयारीची सुरुवात निदान आठ दिवस आधी, माळ्यावरचे बूट खाली काढण्यापासून करावी. खाऊ, रेनकोट, टॉवेल, गाडीतले पेट्रोल हे सगळे आदल्या दिवशी जमवता येते. बुटांचे तसे नाही. गेल्या खेपेस आमच्या घरातील प्रत्येकाच्या पायांत बूट होते, पण ते कोणीही तपासून पाहिले नव्हते, आणि दरीच्या बाजूला उतरणाऱ्या ओल्या पायऱ्यांवर वडिलांच्या एका बुटाचा तळ पूर्ण सुटून हातात आला. त्यांना सांभाळून वर आणताना जे हाल झाले, ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नयेत, एवढ्यासाठी ही यादी लिहीत आहे.

बूट नवे दिसतात, फारसे वापरलेले नसतात, तेव्हा त्यांना काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण धोका नेमका न वापरलेल्या बुटांतच असतो. चालण्याच्या बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो, आणि हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन तो थर आतून हळूहळू कुजत जातो. बूट खोक्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असले, तरी ही क्रिया थांबत नाही. आपल्याकडचे चार-पाच पावसाळे माळ्यावर काढलेला बूट वरून झकास दिसतो आणि पायात घालून तासभर चालले की त्याचा भुगा होऊ लागतो. म्हणून तळाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबून पाहावे, बूट मधोमध वाकवून पाहावा, आणि भेगा दिसल्या, पीठ सुटले किंवा बोटाला चिकटपणा लागला, तर तो बूट बाजूला ठेवून नवा घ्यावा. केवळ डिंक सुटला असेल, तर दुरुस्त करणाऱ्याकडून चारही बाजूंनी शिलाई मारून घेता येते. भुगा होत असलेल्या तळाला मात्र शिलाई धरत नाही, तिथे पैसे घालवू नयेत. या तपासणीत उत्तीर्ण झालेले बूटही तीन-चार दिवस रोज घालून बाहेर चालावे, एकदा तरी भिजवून चालावे. आठ दिवस आधी म्हणतो ते यासाठीच. आदल्या रात्री दोष सापडला, तर करण्यासारखे काही उरत नाही.

ही तपासणी फक्त स्वतःच्या बुटांची करून थांबू नका. मुलांचे गेल्या वर्षीचे बूट या वर्षी अंगठ्याला टोचतात आणि मूल ते उतरताना सांगत नाही, चढताना रडून सांगते. घरातील ज्येष्ठ स्त्रिया तर बहुधा रोजच्याच चपलांवर निघतात आणि आपणही त्यांना विचारत नाही. झिजलेल्या गुळगुळीत रबरी चपला या पायऱ्यांवर अजिबात चालणार नाहीत. टाचेमागे पट्टा असलेले आणि तळाला खोल खाचा असलेले सँडल त्यांच्यासाठी आधी घेऊन ठेवावेत, आणि तेही घरात चार दिवस वापरायला लावावेत. साडी नेसणार असतील, तर ती थोडी वर खोचून नेसण्याविषयी आधीच सांगावे, कारण ओला काठ पायात येतो.

एवढा आग्रह का, हे जागा पाहिली की कळते. साताऱ्याहून बोगदा ओलांडून सज्जनगडाच्या रस्त्याने पुढे गेले, की साधारण पंचवीस किलोमीटरवर ठोसेघर लागते. इथे पाण्यात उतरायचे नसते. दरीच्या अलीकडच्या काठावर कठडे लावलेल्या जागा केल्या आहेत आणि तिथून समोरच्या काळ्या कड्यावरून कोसळणारी धार पाहायची असते. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना घेऊन जाण्यासाठी मी हीच जागा सुचवतो, त्याचे कारणही हेच आहे. पण त्या जागांपर्यंत पोहोचण्यासाठी झाडीतून, पायऱ्यांनी आणि दगडी वाटेने उतरावे लागते; पावसाळाभर तिथे ऊन पोहोचत नाही, दगडावर शेवाळाचा पातळ हिरवा थर बसलेला असतो आणि तो वरून पाणी वाहत असताना दिसतही नाही. उतरताना पाय घसरला, तर माणूस पाठीवर पडतो. तेव्हा पुन्हा सांगतो: बूट, आणि बुटांचा तळ.

दिवस निवडताना बहुतेकांची चूक होते. जुलैमध्ये पाऊस सर्वांत जोराचा म्हणून धबधबाही सर्वांत मोठा, हा हिशेब बरोबर आहे, पण त्याच दिवसांत दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असते आणि कठड्यापाशी उभे राहून नुसता आवाज ऐकून परतावे लागते. धुके हलेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबण्याची तयारी असेल आणि मुले तेवढी धीराची असतील, तर जुलैत जरूर जावे. कुटुंबासाठी मात्र ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर हा काळ अधिक बरा. पाणी भरपूर असते आणि मधून मधून उघडीप मिळते. सप्टेंबरात कास पठाराच्या फुलांसाठी साताऱ्यात मोठी गर्दी लोटते. तिकडचा रस्ता यवतेश्वराकडून वेगळा जात असला, तरी शहरातील कोंडी दोघांनाही सारखीच भोगावी लागते, म्हणून शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळावा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी हवामान खात्याचा सातारा जिल्ह्यासाठीचा इशारा पाहावा. ‘रेड’ किंवा ‘ऑरेंज’ असेल, तर जाऊ नये. यावर घरात चर्चा करू नये, हॉटेलचे पैसे गेले तरी चालतील. असे इशारे असताना प्रशासन अनेकदा पर्यटनस्थळे बंद ठेवते, आणि बंद नसली तरी घाटात दरड कोसळण्याची भीती राहतेच.

मुलांना पाण्यात खेळण्याची आशा दाखवून आणू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी घोट्याएवढे असते आणि वर डोंगरात पाऊस झाला की ते काही मिनिटांत वाढते. ठोसेघरची दरी त्याहून कितीतरी खोल आहे. कठड्यावर बसणे, कठड्यापलीकडे उतरून फोटो काढणे, वरच्या ओढ्यात पाय सोडणे, या तिन्ही गोष्टींना नाही म्हणायचे, हे घरातून निघतानाच सगळ्यांना सांगावे. तिथे गेल्यावर उत्साहात कोणी ऐकत नाही. दर मुलामागे एक मोठा माणूस ठरवून द्यावा, आणि त्या मोठ्या माणसाच्या हातात छत्री नसावी. छत्री तशीही नकोच. वाऱ्यापुढे ती टिकत नाही आणि एक हात अडकवून ठेवते. टोपी असलेला रेनकोट किंवा वरचा-खालचा वेगळा पावसाळी पोशाख घ्यावा.

सज्जनगड वाटेवरच आहे आणि समर्थांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, असे सगळ्यांच्याच मनात येते. गडाला बऱ्यापैकी वरपर्यंत गाडी जाते, पण पुढे पायऱ्या आहेतच, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने एकाच दिवशी गडाच्या आणि धबधब्याच्या अशा दोन्ही पायऱ्या कराव्यात, असा आग्रह धरणे बरोबर नाही. दोन्ही करायचेच असेल, तर सकाळी लवकर धबधबा पाहून मग दुपारच्या प्रसादाला गडावर जावे; गडावर पायऱ्या भिजलेल्या असल्या तरी दरी समोर नसते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ठोसेघरच्या पुढे पठारावर आहेत. वेळ उरला तर पाहाव्यात, तिथला वारा मात्र लहान मुलांना सोसत नाही.

आता सामान. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्रत्येकासाठी, मोज्यांसह, गाडीतच ठेवावा. औषधे रोजची आणि प्रथमोपचाराची, शिवाय गुडघ्याचा पट्टा लागत असेल तर तो. प्रवेशासाठी आणि गाडी लावण्यासाठी सुटे पैसे रोख ठेवावेत, कारण दरीत फोनला रेंज मिळेलच असे नाही आणि रेंज नसेल तर फोनवरून पैसेही जात नाहीत. याच कारणासाठी चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे, हे आधी ठरवून ठेवावे. मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी, आणि ती भरून परत आणावी. आधाराची काठी, निदान ज्येष्ठांसाठी एक, खाली रबर असलेली. ते रबरही झिजले असेल तर बदलावे. आणि आता तिसऱ्यांदा: गाडीच्या डिकीत मागे पट्टा असलेल्या सँडलचा एक जादा जोड, घरातल्या सर्वांत मोठ्या मापाचा, आणि बुटाचा तळ सुटलाच तर तात्पुरता बांधता येईल अशी दोन हात लांब मजबूत दोरी. दोरी डिकीत ठेवून उपयोग नाही, ती खिशात हवी. तळ सुटतो तेव्हा डिकी शंभर पायऱ्या वर असते.

गाडीचे वायपर, ब्रेक आणि धुक्याचे दिवे तपासावेत. पेट्रोल साताऱ्यातच भरावे. धुक्यात गाडी चालवताना चारही इंडिकेटर लावून जाण्याची सवय चुकीची आहे, मागच्याला आपण वळणार की थांबलेलो आहोत हेच कळत नाही. खालचा प्रकाशझोत ठेवून सावकाश जावे.

पुण्याहून साताऱ्याचे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे, तरीही पहाटेच निघावे, म्हणजे नऊ-दहापर्यंत पायऱ्यांवर गर्दी होण्याआधी पोहोचता येते. उतरताना सर्वांत धीम्या माणसाला सर्वांत पुढे ठेवावे. मागे ठेवले तर तो घाई करतो. पायऱ्या सुरू होण्यापूर्वी एकदा थांबून प्रत्येकाच्या बुटाच्या नाड्या आणि तळ पाहावेत, होय, पुन्हा एकदा, मुलांनी कुरकुर केली तरी. कोणाला काही झाले, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२. रेंज नसेल, तर आधी एकाने वर जाऊन फोन करावा, सगळ्यांनी धावू नये.

दुपारी तीननंतर थांबू नये. वर आल्यावर ताबडतोब कपडे बदलावेत, चहा-कणीस नंतर. महामार्गावर रविवारी संध्याकाळी पुण्याच्या दिशेने वाहने खोळंबतात, तेव्हा जेवण साताऱ्यातच उरकावे, चालवणाऱ्याला अर्धा तास डोळे मिटू द्यावेत आणि मगच निघावे.