मोरारच्या जुन्या दगडी थडग्याची डागडुजी

ग्वाल्हेरजवळच्या मोरारची इंग्रज लष्करी छावणी १८८६ मध्ये शिंदे सरकारकडे परत आली, इंग्रजी थडगी मात्र तिथेच राहिली. त्यांत पेटीसारखं थडगं असेल तर त्याची बांधणी इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारात असते तशीच: चार उभ्या शिळा, आत विटा-खडीचा भराव, वर आडवी जड शिळा. मृतदेह पेटीत नसतो, खाली जमिनीत असतो.

आधी ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी घ्या. थडगं संरक्षित असेल तर हात लावूच नका.

काम पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढा. दगडावर बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारत जा. बद्द आवाज आला की समजा, आतून पापुद्रा सुटलाय; तिथे ब्रशही नको. वालुकाश्माचे थर उभे ठेवून शिळा बसवली असेल तर असे पापुद्रे हमखास सुटतात.

पांढरा क्षार दिसला तर कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्या. पाणी मारलंत तर तो विरघळून परत दगडात शिरतो. शेवाळाला स्वच्छ पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि बांबूची काडी पुरे. तारेचा ब्रश, ॲसिड, प्रेशर पंप अजिबात नको. फरशी धुण्याचं ॲसिड तर दगडातला चुनाच खातं. अक्षरं वाचायला खडू घासू नका, संध्याकाळी बाजूने तिरका टॉर्च धरा.

खरा घोळ सांध्यांत होतो. गवंडी सवयीने सिमेंट भरतो. सिमेंट दगडापेक्षा कडक, ओल बाहेर सोडत नाही. मग ओल दगडातून निघते, दगड झिजतो आणि सिमेंटची रेघ तेवढी पुढे उभी राहते. सैल सांधे रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, पाणी शिंपडा, मुरवलेला चुना १ भाग आणि धुतलेली जाड वाळू ३ भाग असा दर्जा (सांध्यात भरायचा मसाला) भरा. त्यावर ओलं गोणपाट आठवडाभर तरी ठेवा. ग्वाल्हेरच्या उन्हात चुना झटकन वाळला की भुगा होतो.

कोपऱ्याला तडा आणि तांबूस डाग दिसला तर आतला, शिळा जोडणारा लोखंडी आकडा गंजून फुगलाय. तो काढायला वरची शिळा उचलावी लागते. ते काम दगडी बांधकामाच्या जाणकाराचं, दोन मजूर आणि पहार घेऊन करायचं नाही.

सांध्यात उगवलेला पिंपळ उपटू नका, मुळासकट दगड येतो. बुंध्याशी कापा, फुटवा आला की पुन्हा कापा.